एका गांधीलमाशीचा फेरफार

आपल्या वेदान्तग्रंथांत आणि संतवाङ्मयात भ्रमरकीटन्यायाचा दृष्टान्त इतक्या वेळा आला आहे की, तो कानांवर पडताच डोळ्यांपुढे ना कीटक उभा राहतो ना भ्रमर. उभा राहतो तो ध्यानाने ध्येयरूप होण्याचा सिद्धान्त. कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, कोठून तरी एक हिरवी अळी आणून त्यात कोंडते, घराचे तोंड लिंपून टाकते, आणि काही दिवसांनी त्या घराला भोक पाडून जी बाहेर पडते ती दुसरी कुंभारीणच असते. तेव्हा भयाने म्हणा वा ध्यासाने म्हणा, अळीचीच कुंभारीण झाली, असा त्यातला निष्कर्ष. हा दृष्टान्त ज्याने प्रथम रचला त्याच्या नजरेला माझा मनःपूर्वक मुजरा आहे. घरात काय शिरले आणि घरातून काय निघाले, ह्याची त्याने ठेवलेली नोंद बिनचूक आहे. तो चुकला तो मधल्या काळोखात काय घडले ह्याविषयीच्या तर्कात. कारण कुंभारणीने त्या घरात आधीच एक अंडे ठेवलेले असते, आणि त्यातून निघालेले तिचे पिलू डंखाने मूर्च्छित झालेल्या त्या अळीला थोडे थोडे खात, तिच्याच मांसावर कुंभारीण होते. अळी गेली ती गेलीच.

ह्या छोट्या पुस्तकात ज्या कीटकाची ओळख करून दिली आहे तो त्या कुंभारणीचा दूरचा आप्त होय. त्याला गांधीलमाशी म्हणावे, तर ज्याने माजघराच्या आढ्याला लोंबणारे गांधीलमाश्यांचे पोळे पाहिले आहे आणि प्रसंगी त्याचा प्रसादही घेतला आहे, तो वाचक पुस्तक उघडण्यापूर्वीच बिचकेल. आणि प्रत्यक्षात हा प्राणी अवघा दोन मिलिमीटरांचा, काळा, मनुष्याला इजा करण्यास सर्वस्वी असमर्थ, ज्वारीच्या दाण्यावर बसला तर जेमतेम निम्मा दाणा व्यापील एवढा. घरे बांधण्याच्या खटाटोपात तो पडत नाही. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचे शरीर हेच त्याचे घर आणि हीच त्याची शिदोरी. मादी पिठ्याच्या वाढत्या पिलाच्या अंगात एक अंडे घालते. आतली अळी आपल्या पोशिंद्याला आतून पोखरीत वाढते. पिठ्याची कातडी ताठरून तपकिरी होते, तिचे एक इवलेसे पिंप बनते. आणि हवामान अनुकूल असल्यास सुमारे दोन आठवड्यांत त्या पिंपाला वाटोळे भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. अभ्यासक त्या पिंपाला ‘ममी’ म्हणतात, आणि मिसर देशातील राजांविषयी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना हा शब्द चटकन समजतो.

अशा जीवनक्रमाला नाव काय द्यावे, हाही एक प्रश्नच होता. ऊ, गोचीड, जंत हे दुसऱ्यावर जगतात, परंतु आपल्या पोशिंद्याला ते सहसा मारीत नाहीत, कारण तो मेला तर त्यांचेच अन्न तुटते. वाघ मारतो, परंतु एका हरणावर त्याचा जन्म काढून होत नाही. ही माशी दोहोंच्या मधली. तिच्यासारख्यांसाठी ओडो रॉयटर ह्या फिनलंडच्या पंडिताने १९१३ साली ‘पॅरासिटॉइड’ हा निराळा शब्द काढला. आपल्या कृषिविषयक मराठीत अद्याप ‘परोपजीवी’ ह्या एकाच शब्दावर सर्वांची बोळवण केली जाते, आणि शेतकरी तर ‘मित्रकीटक’ म्हणून मोकळा होतो. मला विचाराल तर ह्या तिहींत शेतकऱ्याचाच शब्द मला अधिक आवडतो. डार्विनसारख्या धीरोदात्त माणसालाही ह्या माश्यांची रीत पचली नव्हती. दयाळू परमेश्वराने असले प्राणी हेतुपुरस्सर निर्माण केले असतील हे मनाला पटत नाही, अशा आशयाचे पत्र त्याने १८६० साली आपल्या अमेरिकन मित्राला, एसा ग्रे ह्यांस, लिहिले होते. विदर्भातला कापूसवाला मात्र हाच प्राणी पाहून परमेश्वराचे आभार मानील. दृष्टी ही सोयीप्रमाणे बनते, एवढेच ह्यावर म्हणता येईल.

आता विदर्भाचा संबंध. नागपूर ही कापसाची जुनी पेठ. जमशेटजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल १८७७ साली येथेच काढली, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही १९७६ पासून येथेच आहे. वर्धा मार्गावर पांजरीला तिचा विस्तीर्ण परिसर आहे. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात, २००५ च्या सुमारास, आधी पाकिस्तानातल्या आणि लगोलग गुजरातेतल्या कपाशीवर एक पांढरा, पिठूळ ढेकूण अशा संख्येने दिसू लागला की शेंडे, पात्या आणि कोवळी बोंडे चुन्यात बुडवून काढल्यासारखी झाली. पंजाब, हरियाणा करीत करीत तो देशभरच्या कपाशीत पसरला. आपल्याकडेही पऱ्हाटीच्या ओळी धुऱ्याच्या बाजूने पांढऱ्या पडू लागल्या. एका मादीला शेकडो पिले. अंगावर मेणाचे कवच, त्यामुळे फवाऱ्याचे थेंब घरंगळून जातात. आणि त्याने सांडलेल्या गोड रसाच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात. धुऱ्यावरचे गाजरगवत, परसातली जास्वंद, मळ्यातली भेंडी, ह्यांपैकी काहीही त्याला चालते. सबब पऱ्हाटी उपटून टाकली तरी त्याचा मुक्काम हलत नाही.

हा ढेकूण कोण, ह्यावरच प्रथम घोळ झाला, आणि तो घोळ पुढच्या हकीगतीची नांदी असल्यामुळे येथे सांगणे अवश्य आहे. पाकिस्तानातील अभ्यासकांनी त्याला नवीनच जात समजून कापसावरून नाव दिले होते. कोणी त्याला एका निराळ्याच, दिसायला सारख्या जातीत घालीत होते. पुढे क्रिस हॉजसन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी २००८ साली सूक्ष्म तुलना करून दाखविले की, एकाच जातीच्या माद्यांची अंगलक्षणे ऋतुमानाप्रमाणे बदलतात, आणि त्या बदलांनाच लोक निरनिराळ्या जाती समजत होते. ढेकूण एकच, आणि तो फेनॅकोकस सोलेनॉप्सिस. टिन्सले ह्यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात, मुंग्यांच्या वारुळाशी झाडांच्या मुळांवर सापडलेल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले होते ते १८९८ साली. मुंग्यांच्या त्या प्रजातीवरूनच त्याचे नाव पडले आहे. इकडे नागपूरच्या संस्थेतील नगरारे, क्रांती प्रभृती संशोधकांनी नऊ राज्यांतील ४७ ठिकाणांहून कपाशीवरचे पिठे ढेकूण गोळा करून तपासले, तेव्हा ९५ टक्के नमुने ह्याच जातीचे निघाले. त्यांचा तो निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील जुना, जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या त्यांत अगदी थोडा होता. शत्रू परका आहे, हे अशा रीतीने दप्तरी दाखल झाले.

परक्या शत्रूचा हिशेब चुकविणारा मित्रही परमुलखातूनच आणावा लागतो, अशी ह्या शास्त्रातली रूढ समजूत आहे, आणि ती निराधार नाही. पपईवरचा पिठ्या २००८ साली कोइमतूरकडे प्रकट झाला, तेव्हा २०१० साली पोर्तो रिकोहून त्याच्या परजीवी माश्या रीतसर मागवाव्या लागल्या, आणि त्यांनी काम चोख बजावले. कपाशीच्या पिठ्याच्या बाबतीत मात्र नवल वर्तले. कोणी काही मागविण्यापूर्वीच, २००८ साली, दिल्लीच्या परिसरात पिठ्यांच्या वसाहतींत तपकिरी ममी दिसू लागल्या. मग हरियाणात, मग गुजरातेत, मध्य भारतात, जिथे पाहावे तिथे. ज्या वसाहती आठवड्यापूर्वी पांढऱ्याशुभ्र होत्या त्या पिंपांनी भरून गेल्या. एक काळी, चपळ, उडी मारणारी माशी हे काम करीत होती. तिला आमंत्रण कोणी दिले होते? आणि मुळात ती होती कोण?

‘कोण’ ह्या प्रश्नाचे उत्तर कसे काढतात, हे सामान्य वाचकाला फारसे कोणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ममी असलेली फांदी तोडून आणावयाची. एकेक ममी सुटी करून एकेका काचनळीत ठेवावयाची आणि नळीला कापसाचा बोळा लावावयाचा. हे सुटेपण अत्यावश्यक आहे, ते का हे पुढे येईल. माशी निघाली की ती मद्यार्कात. मग काही माश्या कागदाच्या इवल्याशा त्रिकोणाच्या टोकाला डिंकाने चिकटवून टाचणीवर चढवितात. काहींचे अवयव पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक करून, पंख, शृंगिका, पाय सुटे सुटे मांडून, काचपट्टीवर कॅनडा बाल्समखाली कायमचे निजवितात. आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी: गाव, तारीख, झाड, पोशिंदा, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे साक्षीदारावाचून पंचनामा. विद्यार्थिदशेत माझ्या हातून एकदा असे झाले की, चिठ्ठ्या मी दौतीच्या शाईने मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिल्या आणि नळ्यांत सोडल्या. आठ दिवसांनी पाहतो तो मद्यार्क निळा, चिठ्ठ्या कोऱ्या, आणि चाळीस माश्या कोणत्या शिवारातल्या हे ब्रह्मदेवालाही सांगता न येण्याजोग्या. गुरुजी रागावले नाहीत; त्यांनी त्या चाळीस माश्या माझ्यादेखत टाकून दिल्या.

मग सूक्ष्मदर्शक. कॅल्सिडॉइडिया नामक ज्या महाकुलात ही माशी पडते त्यातल्या वर्णन झालेल्या जातीच बावीस हजारांहून अधिक आहेत, आणि अद्याप ज्यांना कोणी पाहिलेच नाही त्यांची गणती कोण करणार! त्यांतून वाट काढीत जावे लागते ती महसुली पद्धतीने: आधी जिल्हा, मग तालुका, मग मौजा, मग गट क्रमांक. वक्षाची बाजू ढालीसारखी अखंड फुगीर आहे, मधल्या पायाच्या नळीच्या टोकाला उडीसाठी जाड काटा आहे, आणि पोटाच्या टोकाशी असावयाच्या केसाळ पट्टिका पुढे सरकून बाजूंना आल्या आहेत. तर ती एन्सर्टिडी कुलातली. त्या कुलातही चार हजारांच्या आसपास जाती. डोक्यावर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तशा दाट खळग्या आहेत, देह गोटीबंद आहे, आणि पोशिंदा पिठ्या ढेकूण आहे. तर एनेशियस ह्या प्रजातीकडे बोट जाते, जी फ्रान्सिस वॉकर ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४६ साली स्थापिली. (हल्लीच्या वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास ‘जाती’च्या अर्थी वापरतात, मराठी परिभाषेत प्रजातीच्या पोटात जाती असतात, उलट नव्हे, आणि ह्या पुस्तकात तोच जुना दंडक पाळला आहे.) येथपर्यंत सरावलेला विद्यार्थी अर्ध्या तासात पोहोचतो. खरी कसोटी शेवटच्या पायरीवर: शृंगिकेच्या कोणत्या खंडाची लांबी रुंदीच्या किती पट, दोन डोळ्यांमधले कपाळ किती अरुंद, खळग्या गोल की कोनदार, पंखावरील लोमरहित पट्टा कोठे तुटतो. त्यातही लहान पोशिंद्यात वाढलेली माशी खुरटी निघते, आणि नर मादीहून इतका निराळा दिसतो की दोघांना दोन जाती समजून दोन नावे दिल्याची उदाहरणे ह्या शास्त्रात आहेत.

भारतात ह्या प्रजातीची एक जात आधीपासून ठाऊक होती: एनेशियस ॲडव्हेना, १९३७ साली हॅरॉल्ड कॉम्पिअर ह्यांनी वर्णिलेली, पट्टेरी पिठ्यावर जगणारी. ‘ॲडव्हेना’चा लॅटिन अर्थ आगंतुक. नवी माशी ती नव्हती. दिल्लीचे नमुने अलीगढला, मुस्लिम विश्वविद्यालयातील प्राध्यापक मोहम्मद हयात ह्यांच्याकडे गेले, आणि ते योग्यच झाले. कारण एन्सर्टिडी कुलाच्या बाबतीत भारतात त्यांच्याहून मोठा अधिकारी नव्हता. त्यांनी ती माशी ज्ञात जातींशी ताडून पाहिली, ती त्यांना निराळी दिसली, आणि २००९ साली त्यांनी तिचे नवी जात म्हणून वर्णन प्रसिद्ध केले: एनेशियस बंबावालेई. दिल्लीतील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तत्कालीन संचालक ओ. एम. बंबावाले ह्यांच्या गौरवार्थ हे नाव होते. शेवटचा ‘ई’ हा लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय; म्हणजे ‘बंबावाल्यांची’.

मराठी आडनावाला लॅटिनची विभक्ती लागलेली पाहून कोणाला गंमत वाटेल. परंतु नागपूरला ही प्रथा दीडशे वर्षांपासून परिचित आहे. ज्यांच्या नावाने येथे महाविद्यालय उभे आहे ते स्टीफन हिस्लॉप आपले सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह टाकळीच्या थरांतून अश्मीभूत अवशेष वेचीत असत. त्यांत भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांचे तुकडे होते, आणि अँड्र्यू मरे ह्यांनी १८६० साली त्यांचे वर्णन करताना एकाला हिस्लॉपांचे तर दुसऱ्याला हंटरांचे नाव दिले. ती टाकळी आता शहराच्या पोटात आहे. तेथून रोज ये-जा करणाऱ्या किती नागपूरकरांस ठाऊक असेल की आपल्या गावाचे कीटक प्राणिशास्त्राच्या दप्तरात इतक्या जुन्या तारखेला दाखल आहेत?

बंबावालेई हे नाव पाच वर्षे सुखाने नांदले. शेकडो निबंधांत ते आले. पाकिस्तान, चीन, जिथे जिथे ती माशी सापडली तिथे तिथे ह्याच नावाने तिची नोंद झाली. आणि मग २०१४ साली इराणातील माजिद फल्लाहजादेह आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आपल्या देशातील एन्सर्टिडींविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की, ही माशी नवी नाहीच; गिरॉल्ट ह्यांनी १९१५ साली अमेरिकेतील ॲरिझोनाच्या नमुन्यावरून दुसऱ्याच प्रजातीत घालून जिचे वर्णन केले होते तीच ही, आणि म्हणून तिचे खरे नाव एनेशियस ॲरिझोनेन्सिस. प्राण्यांच्या नामकरणाचा कायदा साधा आहे: लिनीयसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून पुढे, ज्याची नोंद आधी त्याचे नाव कायम. पाच वर्षांची वहिवाट, शेकडो निबंध, थोरामोठ्यांचा गौरव, ह्यांपैकी काहीही सामान्यतः ह्या कायद्यापुढे चालत नाही.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पूर्वीच्या कब्जेदाराचे नाव खोडीत नाहीत, त्याला कंस करतात, हे आपल्याकडे शेताचा तुकडा असलेल्या प्रत्येकाला माहीत असते. बंबावालेई ह्या नावाला असाच कंस झाला. ते खोडले गेले नाही, समानार्थी नाव म्हणून ॲरिझोनेन्सिसच्या खाली कायमचे राहिले, आणि जुना निबंध हाती घेणाऱ्याला त्याच्याच आधारे नव्या नावापर्यंत पोहोचता येते. मौज अशी की, शास्त्रीय सूचीत खरोखरीचा कंस पडतो तो गिरॉल्टच्या नावाभोवती. कारण त्याने जात बरोबर वर्णिली असली तरी प्रजाती दुसरी दिली होती, आणि प्रजाती बदलली की मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात जाते. आमच्या एखाद्या तलाठ्याच्या हाती ती सूची दिली तर तो गिरॉल्टलाच बेदखल ठरवील!

ह्या गिरॉल्टविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आलेक्सांद्र आर्सेन गिरॉल्ट, जन्म १८८४ साली अमेरिकेत. १९११ मध्ये तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला गेला, मधली काही वर्षे अमेरिकेत परतून काढली, पुन्हा ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथेच १९४१ साली मनोरुग्णालयात वारला. ॲरिझोनाची माशी ही त्या मधल्या काळातली. एवढ्या अवधीत त्याने सुमारे तीन हजार जातींची वर्णने केली, त्यांपैकी कित्येक स्वखर्चाने छापलेल्या पत्रिकांतून, बहुधा चार ओळींत, बहुधा आकृतीविना, मधूनच कविता घालून. एका एन्सर्टिड माशीला त्याने संगीतकारांच्या भक्तीने मोझार्टेला बीथोव्हेनी असे नाव दिले. आणि ज्या वरिष्ठाशी त्याचे पटत नव्हते त्याच्या नावाचा अपभ्रंश करून १९२० साली एका अशा काल्पनिक कीटकाचे गंभीर मुद्रेने वर्णन प्रसिद्ध केले की ज्याला डोके नाही, जबडे नाहीत आणि पोटही नाही. अशा माणसाच्या त्रोटक ओळींमध्ये, शंभर वर्षांनी, भारतातल्या कपाशीवरची एक माशी लपलेली असेल अशी शंका कोणाला येणार? म्हणून हयातांच्या हातून चूक झाली असे जे कोणी तोंड वाकडे करून म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. त्यांनी सविस्तर वर्णन केले, आकृत्या दिल्या, नमुने जतन केले. त्या वर्णनाशी ताडून पाहता आले म्हणूनच गिरॉल्टच्या नोंदीचा अर्थ लागला. दावा हरलेल्याच्या कागदपत्रांवर निकाल उभा राहतो, असे न्यायालयातही कधी कधी घडते.

वाचक विचारील, नाव बदलले म्हणून पऱ्हाटीला काय? पुष्कळ काही. जोवर ती माशी बंबावालेई होती तोवर ती भारतातलीच एखादी अज्ञात जात असून परक्या ढेकणावर नुकतीच जगू लागली आहे, असे समजण्यास जागा होती. आणि देशी माशी परक्या भक्ष्याला इतक्या लवकर सरावते, असा मोठा सिद्धान्त त्यावर कोणी रचला असता तर त्याला दोष देता आला नसता. ॲरिझोनेन्सिस म्हटल्याबरोबर तो इमला कोसळतो. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना हे शेजारी प्रांत. ढेकूण तिकडचा, माशीही तिकडची. ढेकणाच्या मागोमाग, बहुधा त्याच्याच अंगात दडून, कोणत्याही सरकारी परवान्यावाचून ती समुद्र ओलांडून आली, असा अर्थ आता अधिक सयुक्तिक ठरतो. निरनिराळ्या देशांत दोन नावांनी झालेल्या नोंदी एका खात्यावर येतात, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडतो. परदेशातून माशी मागविण्याचा खर्च व खटाटोप आपोआप निरर्थक ठरतो, कारण जिला मागवावयाचे ती घरात येऊन बसलेलीच आहे.

सुट्या नळीचे कारण सांगावयाचे राहिले. ममीतून नेहमी एनेशियसच निघते असे नाही. कधी कधी तिच्याहून बारीक, निराळ्याच ठेवणीची एक माशी बाहेर येते, प्रोमुस्किडिया अनफॅसिएटिव्हेन्ट्रिस नावाची. आणि हे जिभेची परीक्षा पाहणारे नाव पुन्हा त्या गिरॉल्टनेच ठेवलेले. ती पिठ्याची वैरी नव्हे. ती पिठ्याच्या वैऱ्याची वैरीण, एनेशियसच्या अळीवर जगणारी. मूठभर ममी एकाच बरणीत कोंबणारा उतावळा निरीक्षक दोन्ही माश्या निघालेल्या पाहील आणि दोन्हींना मित्रकीटक म्हणून लिहून टाकील. बंद घरातून जे निघाले त्यानेच आतल्या पोशिंद्याला संपविले, असे समजण्याची ती चूक. आणि ती आपल्या भ्रमरकीटन्यायाच्या कर्त्याच्या चुकीची सख्खी बहीण आहे. त्याच्याजवळ काचनळी नव्हती. आपल्याजवळ आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत पाहायला सारा गाव लोटतो, आणि रोगराई, इडापिडा, ढेकूण-डास, सगळे काही गावाबाहेर घेऊन जा, म्हणून तिला साकडे घालतो. त्या साकड्यात कोणता किडा ठेवावा आणि कोणता न्यावा, असा भेद नसतो. लोकाचारात तो असण्याचे कारणही नाही. परंतु पाठीवर पंप घेऊन वावरात उतरणारा माणूस तसाच निर्विवेक वागू लागला, तर माशी आधी मरते आणि मेणाच्या कवचातला ढेकूण मागे उरतो. मग पुन्हा फवारणी, अधिक जहाल औषध, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरू नये. पिठ्याच्या वसाहतीत तपकिरी पिंपे दिसू लागली असतील तर पंधरा दिवस हात आवरावा, एवढी साधी गोष्ट ओळखण्यासाठीच पुढील प्रकरणांतील आकृत्या आणि लक्षणांचा तक्ता दिला आहे. त्यात अंगुस्तानाच्या खळग्या आहेत, मधल्या पायाचा काटा आहे, आणि प्रोमुस्किडियाचेही चित्र आहे. दहा पटींचे भिंग हाती असले तर बहुतेक लक्षणे शाळकरी मुलालाही दिसतील.

माझी विनंती विशेषतः विदर्भातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आहे. तुमच्या शिवारात, धुऱ्यावरच्या गाजरगवतावर, परसातल्या जास्वंदीवर अशी पिंपे सापडली तर ती इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत एकेक ठेवा, तोंडाला कापसाचा बोळा लावा, आणि निघेल ती माशी जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागाकडे पोहोचती करा. सोबत गाव, तारीख आणि झाडाचे नाव लिहा, मात्र शिसपेन्सिलीने. शाई मद्यार्कात विरघळते.

नागपूर, तान्हा पोळा